वाफसा नसताना

सोयाबीन निघालेली वावरं मोकळी पडतात, पऱ्हाटीची बोंडं फुटतात आणि आमच्या दारव्ह्यात फुटबॉलचा मोसम सुरू होतो. दुपारी चारला मैदानावरची शिट्टी माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येते. ह्या वर्षी शिट्टीच्या मागोमाग लोकांचा ओरडाही येतो, कारण क्लब पुन्हा जिंकायला लागला आहे. टपरीवर लोक म्हणतात, "फॉर्म आला बावा पोरायले." जसा काही फॉर्म म्हणजे दूरचा पाहुणा आहे, एसटीतून उतरला आणि पत्ता विचारत आला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी चहा अर्धा ठेवून उठतो.

मागच्या आठवड्यात क्लबच्या नव्या सचिवाचा फोन आला. मुलगा गुणी आहे, माझाच विद्यार्थी.

"सर, स्मरणिका काढून राह्यलो. तुमच्या वेळचा तो मोसम, त्याच्यावर तुमचा लेख पाहिजे. पाचशे शब्द. गोड आठवणी लिहा."

"गोड नसल्या तर?"

तो हसला. "काहीतरीच सर. त्या साली तर आपण वरच्या गटात गेलतो."

गेलो होतो, खरं आहे. नऊ वर्षं झाली. त्या मोसमातल्या सुधारणेची गोष्ट अजून गावात सांगितली जाते. जुन्या जाणत्यांसारखे हात हलवून ती सांगणाऱ्यांत तेव्हा पाळण्यात असलेलेही आहेत. त्यांनी काय ऐकलं आहे? नागपूरहून प्रशिक्षक आले, त्यांनी पासिंग शिकवलं, अध्यक्षांनी हात सैल सोडला, आणि संघ उभा राहिला. हे सगळं माझ्याच हातचं आहे. वर्तमानपत्रांना मजकूर मी लिहून द्यायचो. तेव्हा जे लिहिलं ते खोडायची वेळ माझीच आहे, आणि पाचशे शब्दांत ते खोडून होत नाही. स्मरणिकेत हे छापणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. म्हणून इथे लिहितो.

क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शाळेत खेळाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मी त्या क्लबचा सचिव झालो. लहान गावातला क्लब खेळाडूंना दरमहा पगार देतो, ही आमच्या भागात नवलाईच होती. गावातल्या एका जिनिंगचे मालक अध्यक्ष होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पगारी खेळाडू, पगारी प्रशिक्षक, निळ्या जर्सी, सगळं होतं. फक्त जिंकणं नव्हतं. साखळीच्या तक्त्यात आम्ही तळाला, आणि इतक्या नेमाने तळाला, की बाहेरचे संघ आमच्याकडे यायला निघाले की म्हणत, दारव्ह्याला चाललो म्हणजे दोन गोल खिशात घेऊनच चाललो.

दोष पोरांचा नव्हता. दोष पायाखाली होता आणि तिकडे बघायची आमची कोणाचीच रीत नव्हती. कपाशीची काळी माती ती. पावसाळ्यात गुरं त्यातून जायची, खुरांचे खड्डे पडायचे, आणि पाऊस सरला की ते खड्डे भाजलेल्या विटेसारखे टणक व्हायचे. उन्हाळ्यात तर अशा भेगा, की एकदा सरावात एकाचा बूट अडकला तो आम्ही सब्बलीनं काढला. जमिनीवरून चेंडू ढकलला तर तो खुराला लागून तिसरीकडेच जायचा. म्हणून पोरं घाबरून उंच मारायची. उंच मारायचं, मागे पळायचं आणि दैवावर हवाला ठेवायचा. ह्यालाच आम्ही आमची शैली म्हणत होतो.

मग मैदान सेवक म्हणून धनासिंग राठोड लागला. दिग्रस रोडवरच्या तांड्यातला, बंजारा, माझ्याच वयाचा. बकऱ्या हाकलायला आणि गोलांना जाळी बांधायला माणूस हवा होता, म्हणून घेतलेला. पहिल्या दिवशी त्यानं चपला काढल्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला आणि मला म्हणाला, "सर, हे मैदान नाही, वावर हाय. याच्यात तुरी पेरा, चांगल्या होतीन."

"तुला काय कळते रे फुटबॉलातलं?"

"फुटबॉलातलं नाही कळत. आमच्या आज्या-पणज्यायनं बैलाच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख पायानं मोजला. माती कळते."

त्या उन्हाळ्यात त्यानं जे केलं ते कोणी पाहिलं नाही, कारण उन्हाळ्यात मैदानाकडे कोण फिरकतो? तो घागरीनं पाणी ओतायचा आणि ते कुठं धावतं ते उकिडवा बसून बघत राहायचा. मग काडीनं रेघ ओढायचा. त्या रेघेवर चर खणायचा. तांड्याजवळच्या बरडावरून मुरूम आणला, चाळला, थरावर थर दिला, पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला. रूळ दोघांचा होता, उन्हाळाभर ओढणारा हा एकटा. पाऊस पडल्यावर त्यानं आणखी एक विचित्र काम सुरू केलं. निंदणाला जाणाऱ्या बायांना तो रस्त्यात अडवायचा.

"बाई, तुमची हरळी द्या मले."

हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण. कितीही उपटा, पुन्हा येते. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "घेऊन जाय बापा, अन परत आणू नोको." संध्याकाळी मैदानाच्या कुंपणाशी हरळीचे भारे पडलेले असायचे, आणि धनासिंग कांद्याची रोपं लावावीत तशी ती मुळी-मुळीनं लावत असायचा. अख्ख्या तालुक्यानं उपटून फेकलेलं गवत त्यानं एका जागी मानानं बसवलं.

त्याला मदत करणारा एकच होता, इम्रान. संघाचा कर्णधार, पुढच्या फळीतला आमचा एकमेव खरा खेळाडू. त्याचे वडील सलीम मिस्त्री, बाजारात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. इम्रान सरावाच्या तासभर आधी यायचा आणि रुळाची दुसरी मूठ धरायचा. सामन्याआधी केसांना पाणी लावून भांग पाडायची त्याला सवय होती, म्हणून धनासिंग त्याला नवरदेव म्हणायचा.

"नवरदेव, वरात ओढा जरा जोरानं."

"काका, तुमची रुळीबाई लय जड हाय."

"आताच म्हणून राह्यला? लग्न झाल्यावर काय करशीन?"

दसऱ्यानंतर ह्या नव्या गवतावर पहिला सराव झाला तेव्हाचा आवाज मला आजही ऐकू येतो. चेंडूचा आवाज बदलला होता. आधी ठण् वाजायचा, आता गवतावरून सळसळत जायचा, मांजर पेंढ्यातून जाते तसा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. इम्राननं जमिनीवरून एक लांब पास दिला आणि तो जिथं द्यायचा होता तिथंच गेला. एवढं साधं. जिथं द्यायचा तिथंच चेंडू गेला, ह्या एका गोष्टीवर तो सगळा मोसम उभा राहिला. पासिंग प्रशिक्षकांनी शिकवलं, नाकारत नाही. ते आदल्या वर्षीही हेच शिकवत होते. आदल्या वर्षी ते मातीत गेलं.

आम्ही जिंकायला लागलो. आधी एक, मग ओळीनं. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट कुंपणावर. कापसाच्या गाड्या बाजार समितीकडे जाताना मैदानाजवळ हळू व्हायच्या आणि गाडीवान वरून विचारायचे, "किती झाले?" खालून कोणीतरी बोटं दाखवायचं. प्रशिक्षकांना शाल-श्रीफळ मिळालं. मी वर्तमानपत्रांना लिहून दिलं, "नव्या तंत्रामुळे संघाच्या खेळात आमूलाग्र सुधारणा." लिहिताना धनासिंगचं नाव माझ्या मनात आलं होतं. मी ते लिहिलं नाही. मैदान सेवकाचं नाव बातमीत कसं द्यायचं, असं मला वाटलं. पुढच्या मोठ्या खोटेपणाची सवय मला त्या दिवशी लागली.

शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी वरच्या गटात जाणार होतो. मोसम संपला की इम्रानला कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबानं चाचणीला बोलावलं होतं. सलीम मिस्त्रींनी दुकानात येईल त्याला ते पत्र दाखवून झालं होतं. भाऊसाहेबांनी मांडव घातला, पाहुणे ठरवले, बुंदीचे लाडू वळले. आणि आदल्या दुपारी अवकाळी पाऊस आला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, पण झोडपून गेला.

सकाळी मी मैदानावर गेलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि गवत झकास दिसत होतं. धनासिंग अनवाणी फिरत होता. चार पावलं चालायचा, थांबायचा, टाच रोवून अर्धी गिरकी घ्यायचा, खाली बघायचा. दक्षिणेकडच्या गोलासमोर तो फार वेळ थांबला. तो भाग सखल होता, तिथला मुरूम कमी पडला होता, हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं.

"सर, आज नाही. परवा खेळवा."

"अरे, कोरडं तर आहे."

"वरून साय हाय. खाली दही. वाफसा नाही आला."

वाफसा हा शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाऊस पडून गेल्यावर जमीन हाताळण्याजोगी होते ती वेळ. त्याआधी काळ्या मातीत कोणी औत घालत नाही, साधा माणूसही बांधावरच उभा राहतो. माझे वडील शेतकरी. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून मला हे माहीत आहे.

"पाहुणे निघालेत, धनासिंगभाऊ."

"मंग पाव्हण्यायलेच खेळवा. ते पळत नाहीत, पडणार नाहीत." मग तो माझ्याजवळ आला. "सर, तुम्ही शेतकऱ्याचे पोर. वाफसा नसतानी वावरात बैल घालान का?"

"बैलांचं वेगळं असतं."

"हो," तो म्हणाला. "बैलाचा पाय मोडला त मालक रडते."

तासाभरानं सामना अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे कागद धरला. यजमान क्लबाच्या सचिवानं मैदान खेळण्यायोग्य असल्याचं लिहून द्यायचं असतं. भाऊसाहेब शेजारी उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. तेवढं मला पुरलं. मी सही केली. पुढं लोकांनी, आणि मनातल्या मनात मीही, किती वेळा म्हटलं की दडपण होतं. दडपण कसलं? एका माणसानं मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि मी उभ्या जन्माचं शहाणपण गहाण टाकलं.

दुसऱ्या सत्रात आम्ही एक-एक बरोबरीवर होतो. इम्रान दक्षिण गोलासमोर चेंडू घेऊन वळला. अंग वळलं. डावा पाय वळला नाही. वरची साय फाटून बुटाचे खिळे खालच्या चिखलात रुतले होते. वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा आवाज आला, मैदानाच्या ह्या बाजूला मी उभा होतो तिथपर्यंत. धनासिंग कुंपणावरून उडी मारून धावला, सगळ्यांच्या आधी पोचला आणि त्यानं इम्रानचं डोकं मांडीवर घेतलं.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही वरच्या गटात गेलो. इम्रानला घेऊन जीप यवतमाळच्या रस्त्याला लागली तेव्हा ढोल वाजायला लागले होते, आणि जीपला वाट द्यायला मिरवणुकीनं थोडा वेळ लावला. त्या मिरवणुकीत मी होतो. माझ्या कपाळावर गुलाल होता. गोड आठवण हवी असेल तर ही घ्या.

गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पाय सरळ राहिला, पण पुरता वाकला नाही. कोलकात्याचं पत्र सलीम मिस्त्रींच्या गल्ल्यात पडून राहिलं. मग साखळी चालवणाऱ्या संघटनेकडून विचारणा आली, मैदान असं होतं तर सामना कसा खेळवला? भाऊसाहेब म्हणाले, "सर, काहीतरी कारण लिहावं लागंल." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, की मैदान सेवक धनासिंग राठोड यांनी आदल्या दिवशी गरजेपेक्षा जास्त पाणी दिल्यामुळे दक्षिण भाग ओला राहिला, व ही बाब त्यांनी सचिवांच्या निदर्शनास आणून दिली नाही.

आदल्या दिवशी अख्ख्या गावावर पाऊस पडला होता. मांडवाचं कापड भिजलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी एकानंही विचारलं नाही, की पाऊस पडत असताना हा माणूस पाणी कशाला देईल? खोटं बोलायला अक्कल लागते असं म्हणतात. साफ चूक आहे. समोरचा माणूस तांड्यातला असला, अनवाणी असला, की बिनअकलेचं खोटंही खपतं. ह्याचा राग मला आज येतो आहे. त्या दिवशी यायला हवा होता.

धनासिंगला काढलं. रुळाच्या खोलीची चावी द्यायला तो माझ्या घरी आला. ओट्यावर चढला नाही.

"सर, चावी."

मी घेतली.

"क्लबाच्या शिपायानं वाचून दाखवलं मले. त्या कागदात पाऊस आला नाही का, सर?"

तो वळून निघून गेला. त्याच्यावर ओरडलो असतो, भांडलो असतो, तरी बरं झालं असतं. मी चावी खिळ्याला अडकवली आणि आत जाऊन जेवलो.

पुढं ते मैदान पुन्हा वावर झालं. वरच्या गटात आम्ही एकच मोसम टिकलो. आता नवी समिती आहे, नवं मैदान आहे, बाहेरून माणसं आणून केलेलं. उद्घाटनाच्या भाषणात कोणी तज्ज्ञ सांगत होते, की पाण्याचा निचरा आणि स्थानिक गवत हेच खरं तंत्र. लोक टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीत बसून दात आवळत होतो. स्थानिक गवत म्हणे. त्या गवताचे भारे डोक्यावर घेऊन येणारा माणूस चार किलोमीटरवर जिवंत होता आणि त्याला बोलवायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आलं होतं. मी हात वर केला नाही.

आणि ह्या सगळ्यात जे मला झोपेतूनही टोचतं ते वेगळंच. इम्राननं माझा कागद खरा मानला. का मानणार नाही? मी त्याचा मास्तर. धनासिंगकाकानं पाणी जास्त दिलं आणि आपला पाय गेला, एवढं त्याच्या डोक्यात बसलं. ज्या माणसाबरोबर त्यानं रूळ ओढला, ज्याच्या मांडीवर डोकं ठेवून तो विव्हळला, तो बाजारात समोर आला की इम्रान तोंड फिरवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. धनासिंग त्या वेळी वांगी निवडत होता. त्यानं मान वर केली, इम्रानचं तोंड वळलेलं पाहिलं आणि हातातलं वांगं परत ठेवून दिलं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी कागद घेतले आणि काल सकाळी तांड्यावर गेलो. धनासिंगची बायको जमनाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं आणि सूप थांबवलं नाही.

"नऊ वर्स लागले, सर? तांडा त बसस्टँडापासून चार किलोमीटर हाय."

धनासिंग खाटेवर बसला होता. मी वाचलं. तो मध्येच थांबवायचा. "बरडावरचा मुरूम नोय तो, टेकडीच्या मागचा. बरडावरचा भुसभुशीत असते." मी कडेला लिहून घेतलं, वरचं तसंच ठेवलं आहे, चूक कोणाची ते दिसावं म्हणून. नवरदेवाचं आलं तेव्हा तो गालात हसला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे मले कायले वाचून राह्यले, सर? मले त हे पैलेच माहीत होतं."

"माफी..."

"ज्याले माहीत नाही त्याले वाचा ना. त्याचं दुकान त तुमच्या घरून दिसते." जमनाबाईनं सूप जोरात आपटलं. मला चहा मिळाला नाही, आणि मिळायलाही नको होता.

तिथून मी सरळ बाजारात आलो. इम्रान ट्रॅक्टरखाली होता. मला पाहून बाहेर सरकला, चाकाला धरून उठला, डावा पाय काठीसारखा सरळ ठेवून. केस आता भांग पाडण्याइतके राहिले नाहीत.

"या सर, बसा. दोन चहा सांग रे."

मी बसलो नाही. उभ्यानं वाचलं. हरळीपाशी तो हसला, "काकाचं लय येड होतं ते." वाफशापाशी त्याचं हसू गेलं. मैदान सेवकाविषयीचं ते सुवाच्य वाक्य मी वाचलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे काकानं सांगितलतं?"

"सांगितलं होतं. सहीच्या तासभर आधी."

"अन तुम्ही सही केली."

"हो."

"मंग काका बोलले काहून नाही मले?"

"बोलले असते तर तू कोणाचं ऐकलं असतंस? माझा कागद होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी तीस वर्षं पोरांपुढे उभा राहिलो, असं कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी वाट पाहत होतो, शिव्या द्याव्यात, कागद हिसकावून फाडावेत. त्यानं चिंधीनं हात पुसले, एकेक बोट, काळं ग्रीस निघेपर्यंत. भिंतीवरची बिनगिअरच्या स्कूटरची किल्ली काढली. दाराशी थांबून आरशाच्या तुकड्यात बघून उरलेल्या केसांवरून ओला हात फिरवला.

"काका अजून त्याच घरात हायेत ना?"

मी मान हलवली. गाडी दिग्रस रोडला लागली, डावा पाय बाहेर ताठ काढलेला.

चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. दुकानात मी एकटाच होतो. दोन्ही ग्लास थंड होईपर्यंत मी तिथे उभा राहिलो, कारण मला बसा म्हणणारा निघून गेला होता.